भोपळ्याच्या देठाचा निळा दोरा

कुलूपकाका जन्मभर स्वतःची दाढी स्वतःच करत आले. चिक्कूपणा म्हणून नव्हे हो. दुसऱ्याच्या हातात वस्तरा द्यायचा आणि वर आपणच मान उंच करून डोळे मिटायचे, हा प्रकार त्यांना कधी पटलाच नाही. घरातला आरसासुद्धा त्यांनी असा टांगला होता की दाढी करता करता मागचं दार दिसावं. केस कापायला मात्र सलूनमध्ये जावं लागायचं, कारण स्वतःच्या मानेमागे कोणाचा हात पोचतो? तिथेही ते डोळे सताड उघडे ठेवून बसायचे आणि सलूनवाल्यानं वस्तऱ्याकडे नुसतं पाहिलं तरी म्हणायचे, "मानेवरचं राहू दे. कात्रीनं काय होईल ते कर."

धंदा कुलपांचा. दुकान एवढंसं, आत एक माणूस शिरला की दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. भिंतभर किल्ल्या, किल्ली घासायचं यंत्र, आणि यंत्रामागे काका. लोकांची दारं, कपाटं, पेट्या उघडून देता देता त्यांची एक गोष्ट पक्की झाली होती. जगात माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांच्याकडे चोरी झाली; दुसरी, ज्यांच्याकडे व्हायची राहिली. "किल्ली हरवली" असं कोणी म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे. "हरवत नसते किल्ली. कोणीतरी उचलतं, मग ती हरवते."

दुकान मुलाला नको होतं. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षाकाठी एकदा घरी. काकांनी दुकान बंद केलं तरी संशय काही बंद झाला नाही, तो त्यांच्याबरोबर घरी आला. घरात तेव्हा काकू होत्या आणि सून होती. सून धुलाईच्या दुकानात कामाला जायची. कोणते कपडे कोणाचे ते कळावं म्हणून कॉलरच्या आतून रंगीत दोऱ्याची गाठ मारायची, हे तिचं दिवसभराचं काम. संध्याकाळी घरी आली की तिच्या बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे.

आणि होती ती बाग. जुन्या बस आगारामागे पडीक जागा होती, तिथे गल्लीतल्या लोकांनी मिळून वाफे घातले होते. बागेची सगळी सूत्रं शिट्टीबाईंच्या हातात. त्या पूर्वी शाळेत खेळ शिकवायच्या. शाळा सुटली, शिट्टी काही सुटली नाही. नियम त्यांचेच. घरचा ओला कचरा बागेच्या खड्ड्यात आणायचा. आगाराच्या पत्र्यावरचं पाणी टाकीत साठवायचं आणि तेच वापरायचं. मोडकी वस्तू फेकायची नाही, रविवारी दुरुस्तीच्या टेबलावर आणायची. तिथे काका बसायचे. प्रत्येक वाफ्यातलं पहिलं फळ सगळ्यांच्या टेबलावर ठेवायचं, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची निघेल त्यानं न्यायचं. आणि हंगाम सरला की मूठभर बी सगळ्यांच्या मिळून एका डब्यात.

हा शेवटचा नियम काकांनी कधी पाळला नाही. "एकदा डब्यात गेलं की आपलं राहिलं नाही," असं म्हणायचे आणि विषय संपवायचे.

कारण काकूंचा भोपळा. राखाडी सालीचा, खोल खाचांचा, एका बाजूनं जरासा बसका. दिसायला म्हणाल तर अगदी ओबडधोबड. पण आतून गर असा की नुसता वाफवून मीठ लावलं तरी ताट पुसून खावं. काकूंना त्याचं बी त्यांच्या आईकडून आलेलं, आईला कोणाकडून ते कोणाला ठाऊक नाही. दुसरीकडे कुठे हा भोपळा कोणी पाहिलेला नव्हता. एका वर्षी एक भोपळा वेलीवरून चोरीला गेला. झालं! काकांनी वाफ्याला जाळीचं कुंपण घातलं, दार बसवलं आणि दाराला स्वतःच्या हातचं कुलूप लावलं. किल्ल्या दोन. काकांना दोन्ही स्वतःजवळ हव्या होत्या. तर एक काकूंकडून हरवली. काकांनी महिनाभर घर डोक्यावर घेतलं, शेवटी ठपका दूधवाल्यावर ठेवला आणि दूधवाला बदलला. तेव्हापासून काका दार उघडून द्यायचे, काकू आत खुरपायच्या आणि काका बाहेर स्टुलावर बसून राखण करायचे. वेलीवर जागोजागी चिंध्या बांधलेल्या दिसायच्या.

"या कसल्या?" त्यांनी एकदा विचारलं.

"पाखरं भितात," काकू म्हणाल्या.

वेलीला फुलं लागली की काकू संध्याकाळी हवा खायला जायच्या. "रोज कुठली एवढी हवा?" असं काकांनी विचारलं की त्या हसायच्या. भोपळा मात्र वर्षानुवर्षं तसाच येत राहिला, तीच साल, तोच गर. काका छाती पुढे काढून सांगायचे, "कुलूप आहे म्हणून आहे. नाहीतर केव्हाच लोकांनी पळवून वाट लावली असती."

मग काकू गेल्या. आजार थोडा, घाई फार. मागे राहिलं ते एका डबीत मूठभर बी.

काकांना त्या डबीचा घोर लागला. घरात ठेवावी तर उंदीर, उंदीर नाहीत तर पाहुणे, पाहुणे नाहीत तर... आणि इथे त्यांची नजर सुनेकडे जायची. पेरणीच्या दिवशी डबी घेऊन निघाले तेव्हा ती दारातच म्हणाली, "बाबा, सगळं नका पेरू. थोडं मागे ठेवूया."

"का? माहेरी पाठवायचंय?"

सून पाठ फिरवून आत गेली. काकांनी डबी रिकामी करून सगळं बी मातीत घातलं आणि त्या रात्री शांत झोपले. आता चोरणार काय, डबी? असा त्यांचा हिशोब. रोपं उगवली तशी जोरकस ठेवली, बाकीची उपटली. या वर्षी फळ धरलं नाही तर पुढे काहीच उरणार नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कुंपण होतं, कुलूप होतं, आणि डोळ्यांत तेल घालून बसायला स्वतः काका होते.

पहिलं फळ मुठीएवढं झालं तेव्हा त्यांना तो दोरा दिसला. देठाला, व्यवस्थित गाठ मारून बांधलेला, निळा.

काकांच्या मनात पाल चुकचुकली. कुलूप बघितलं, जसंच्या तसं. जाळी बोटांनी चाचपली, कुठे तार सुटलेली नाही. म्हणजे कोणीतरी आत येऊन, खूण करून, दार लावून गेलं होतं. चोर आधी खूण करतो, मग येतो. काकांनी दोरा कापला, घडी करून खिशात ठेवला. पुरावा!

मग फुलंच बांधलेली सापडायला लागली. भोपळ्याच्या वेलीला दोन तऱ्हेची फुलं येतात, एक नुसतं, आणि एक खाली बारकं फळ घेऊन आलेलं. त्या फळवाल्या फुलाचं तोंड कोणीतरी दोऱ्यानं आवळून टाकलेलं. काकांचं डोकंच फिरलं. फुलात माशी शिरली नाही तर फळ धरत नाही एवढं कोणालाही कळतं. म्हणजे हा नुसता चोर नव्हता, हा वैरी होता! काकूंचा वंश बुडवायला निघाला होता! सकाळचा चहा झाला की काका बागेत जायचे आणि एकेक दोरा सोडवून फुलं मोकळी करायचे. मधमाश्या लगेच आत घुसायच्या आणि काकांना बरं वाटायचं.

तुम्ही म्हणाल, कुलपांचा माणूस, मग कुलूप का नाही बदललं? तिथेच तर काकांची हुशारी. कुलूप बदललं की चोर सावध होतो. त्यांनी किल्लीच्या भोकात साबणाचा बारीक तुकडा दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशी साबणावर किल्लीचे दात उमटलेले. तारेनं नव्हे, हत्यारानं नव्हे, किल्लीनं! आणि दुसरी किल्ली जगात एकच होती. हरवलेली.

दूधवाला केव्हाच दुसरीकडे राहायला गेला होता. मग ती कोणाला सापडली?

शेजारचा वाफा सलूनवाल्याचा. हा माणूस पोतंभर केस आणून कचऱ्याच्या खड्ड्यात ओतायचा, खत चांगलं होतं म्हणून. काकांना ते आधीपासून खुपायचं. "कोणाकोणाचे केस, आणि आपल्या मातीत!" त्याच्या वाफ्यातही भोपळेच, पण दुकानातून आणलेल्या पाकिटातले, सुरईसारखे लांब मानेचे. त्याची बोटं बारीक कामाची. खिशात कायम कात्री. आणि येता-जाता विचारायचं काय, तर "काका, तुमचा भोपळा कधी काढणार?" आता दुसऱ्याच्या भोपळ्याची एवढी चौकशी भला माणूस कशाला करील? काकांनी सुतावरून स्वर्ग गाठला तो असा.

आणि गंमत बघा. घरात संध्याकाळी ताटावर बसलं की सूनही विचारायची, "बाबा, बागेत आपल्या वाफ्यापाशी कोणी येतं का हो? सलूनवाले वगैरे?"

"का?" काकांचा घास हातातच राहायचा.

"काही नाही. सहज."

सहज! सहज कोणी काही विचारत नसतं. हिला काहीतरी ठाऊक होतं. काका तिच्याकडे बघायचे, ती ताटाकडे बघायची, आणि दोघांच्या मनात एकच माणूस असायचा. तिच्या बाहीवर त्या दिवशीही दोऱ्याचे तुकडे होते. तांबडे, पिवळे, निळे. काकांना काही ते दिसले नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

पहिला भोपळा पिकला. नियमानं एक सगळ्यांच्या टेबलावर ठेवायचा होता. काका दार उघडून आत गेले तेव्हा सून बरोबर होती. त्यांनी पहिल्या भोपळ्याला हात घातला तशी ती घाईनं म्हणाली, "बाबा, तो नको. तो राहू द्या. दुसरा पिकला की तो देऊ."

"नियम पहिल्याचा आहे."

"शिट्टीबाईंना मी सांगते. पण तो नका देऊ ना, बाबा."

एवढी कळकळ? एका भोपळ्यासाठी? काकांना वाटलं, इथे नक्की पाणी मुरतंय. ज्या फळावर चोराची खूण सापडली, तेच फळ हिला ठेवून घ्यायचंय! त्यांनी देठावर कोयता घातला आणि भोपळा खांद्यावर घेऊन निघाले. सून मागे जाळीला धरून उभी राहिली.

रविवार होता. आगाराच्या पत्र्याखाली सगळे जमले. शिट्टीबाईंनी शिट्टी फुंकली, कोणाच्या तरी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि उचलल्या. वांगी निघाली एकाला, मिरच्या दुसरीला. काकूंचा भोपळा निघाला सलूनवाल्याला.

"वा वा!" सलूनवाल्यानं भोपळा उचलून पोटाशी धरला. "काका, किती दिवस नजर होती याच्यावर!"

झालं! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं त्या बिचाऱ्यानं केलं आणि काकांच्या हाती कोलीत दिलं.

"होतीच तुझी नजर!" काका कडाडले. खिशातून त्यांनी दोऱ्यांचं भेंडोळं काढलं आणि टेबलावर आपटलं. "हे बघा सगळ्यांनी! माझ्या वाफ्यात, कुलपाच्या आत! फुलांची तोंडं बांधतोस? माझी किल्ली कुठे मिळाली तुला, बोल! आणि चिठ्ठी बरी तुझीच निघाली! ती टोपी कोणाची होती?"

टोपी शिट्टीबाईंची होती. पण आता ते सांगायला जाणार कोण? कोणी काकांकडे बघेना, कोणी सलूनवाल्याकडे बघेना. सलूनवाला पांढराफटक पडला होता. बोलला तेव्हा मात्र आवाज चढवला नाही.

"काका, तुमची मान माझ्या हातात असते, तरी तुम्ही माझ्यावर कधी विश्वास टाकला नाहीत. तो तुमचा स्वभाव, मी हसून सोडत आलो. पण चार माणसांत चोर म्हणालात. भोपळा नियमानं मिळालाय, तो मी नेणार. ह्यापुढे या बागेत पाऊल टाकणार नाही." आणि तो गेला.

काकांनी विजयानं इकडेतिकडे पाहिलं. सुनेचा चेहरा उतरला होता. का उतरावा? तेही त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

त्यानंतर दुरुस्तीच्या टेबलावर कोणी वस्तू आणेना. काका समोर हत्यारं मांडून बसायचे आणि लोक लांबून वळसा घालून जायचे. केसांचं पोतं यायचं बंद झालं. सलूनवाल्याचा वाफा तणानं भरला, तरी त्याच्या सुरया फुलतच होत्या. शिट्टीबाई एकदा जवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "काका, चोर सोडून संन्याशाला फाशी तर नाही ना दिलीत?"

काका फुरफुरले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पायाखालची वाळू सरकली, कारण वेलीवर पुन्हा एक फूल बांधलेलं होतं. निळ्या दोऱ्यानं. सलूनवाला बागेकडे फिरकतही नसताना!

आता पकडायचाच. ऊन उतरल्यावर काका अवजारांच्या खोलीत शिरले आणि फळीच्या फटीला डोळा लावून बसले. पाठीत फावड्याचा दांडा टोचत होता, नाकात खताचा वास जात होता. बागेतली माणसं एकेक करून घरी गेली. उजेड अजून बराच होता. आणि मग फाटकातून एक बाई आत आली, सरळ त्यांच्या वाफ्याशी गेली, कमरेची किल्ली काढली आणि दार उघडलं.

त्यांची सून.

काका क्षणभर फळीलाच टेकले. दूधवाला नाही, सलूनवाला नाही, स्वतःच्या घरातलं माणूस! कुंपणानंच शेत खाल्लं की हो! ते तडक बाहेर आले.

"म्हणजे तू!"

ती दचकली, पण पळाली नाही. हातात निळ्या दोऱ्याचं रीळ होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडावर भीतीऐवजी भलतंच काहीतरी उमटलं.

"म्हणजे दोरे तुम्ही कापत होता, बाबा?" ती म्हणाली. "मी आपली सलूनवाल्यांना शिव्या देत होते."

"मला उलटं विचारतेस? किल्ली कुठून आली?"

"आईंनी दिली. हॉस्पिटलात."

"ती हरवली होती!"

"हरवली नव्हती. तुम्ही दोन्ही मागत होता म्हणून हरवली."

काकांनी किल्ली हातात घेतली. किल्लीला चादरीची एक चिंधी बांधलेली होती, फुलाफुलांची. घरातली ती जुनी चादर काकांनी ओळखली.

सून खाली बसली, मातीतच, आणि सांगायला लागली. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, कारण बरेच महिने दाबलेलं होतं. शेजारच्या वाफ्यात दुसऱ्या जातीचा भोपळा असला की मधमाशी त्याचा पराग आणून आपल्या फुलात टाकते. मग फळ दिसायला आपलंच येतं, चवीलाही आपलंच. पण त्याच्या पोटातलं बी मिसळलेलं. पुढच्या वर्षी त्यातून काय निघेल याचा नेम नाही. म्हणून काकू संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या फुलांची तोंडं बांधायच्या, उजाडता उजाडता आपल्याच वेलीचं नर फूल आणून त्यात फिरवायच्या, आणि पुन्हा तोंड बांधून टाकायच्या. देठाला खूण म्हणून चिंधी. खुणेच्याच फळाचं बी ठेवायचं, बाकीचे खायचे.

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"अगं, पण कुंपण होतं. कुलूप होतं."

"माशी दारानं येत नाही, बाबा."

काका स्टुलावर बसले. ते स्टूल त्यांचंच, राखणीचं. हवा खायला जाणाऱ्या काकू, पाखरांना भिववणाऱ्या चिंध्या, त्यांचं ते हसणं, सगळं एकदम समोर आलं. इतकी वर्षं ते कुलपाची फुशारकी मारत होते आणि ही बाई मागून येऊन दोरा बांधत होती.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"आई म्हणाल्या, त्यांना वाटू दे कुलपामुळे आहे, नाहीतर त्यांना झोप लागायची नाही." सुनेनं डोळे पुसले. "आणि मी सांगायला आले होते की. थोडं बी मागे ठेवूया म्हटलं, तर तुम्ही माझं माहेर काढलंत. पुढे काय बोलणार होते मी? किल्ली आहे म्हटलं असतं तर तुम्ही मला चोर नसतं म्हटलं?"

म्हटलं असतं. काकांना ते ठाऊक होतं.

"मग आता यातला चांगला कुठला?"

तिनं वेलीवर हात फिरवला. पानांवर पांढरी बुरशी चढली होती, वेल आटत आले होते. त्या संध्याकाळी ज्या कळीसाठी ती आली होती, ती पिवळी पडून मातीत गळलेली होती.

"एकही नाही. मी बांधायची, तुम्ही सोडायचे. एकच चांगला होता, बाबा. पहिला. त्याचं फूल गळून गेल्यावर तुम्हाला दोरा दिसला, म्हणून तो वाचला. तोच देऊ नका म्हणत होते मी."

आणि तो कोणाकडे गेला, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

"तू का नाही मागायला गेलीस त्याच्याकडे?"

"कोणत्या तोंडानं?"

सकाळी काका सलूनच्या पायरीवर उभे होते. दुकान नुकतंच उघडलं होतं, सलूनवाला जमीन झाडत होता. त्यानं मान वर केली आणि पुन्हा झाडायला लागला.

"तो भोपळा..." काका म्हणाले.

"खाल्ला."

"बी?"

सलूनवाल्यानं झाडू भिंतीला टेकवला. मग त्यानं खुर्ची फडक्यानं पुसली आणि काकांकडे वळवली.

"बसा."

"केस वाढलेले नाहीत."

"दाढी वाढलीय."

काकांचा हात आपसूक गालावर गेला. त्या सकाळी आरशासमोर उभं राहायचं सुचलंच नव्हतं. दारातून परत जावं असं त्यांना मनापासून वाटलं, खोटं कशाला सांगू? पण काकू आठवल्या, त्यांची ती रिकामी डबी आठवली. ते बसले. सलूनवाल्यानं फडकं गुंडाळलं, फेस केला, गालावर, हनुवटीखाली, गळ्यावर फासला. पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा आवाज आला.

"मान वर. डोळे मिटा, फेस जाईल."

काकांनी मान वर केली. आरशात मागचं दार दिसत होतं, सलूनवाल्याचा हात दिसत होता, हातातलं पातं दिसत होतं. मग त्यांनी डोळे मिटले.

पातं कानाखालून सुरू झालं. थंडगार. पातं गळ्याच्या घाटीपाशी आलं आणि थांबलं, आणि काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मी चुकलो," काका म्हणाले. "तू चोर नाहीस. चार माणसांत म्हणालो, चार माणसांतच माफी मागतो."

"बोलू नका. लागेल."

पातं पुन्हा चालायला लागलं. दाढी झाली, पाणी मारलं, टॉवेलनं तोंड पुसलं. काकांनी डोळे उघडले तेव्हा सलूनवाला आरशामागच्या फळीवरून कागदाची पुडी काढत होता.

"सुकवून ठेवलंय," तो म्हणाला. "एवढं गोड फळ मी जन्मात खाल्लं नव्हतं. बी काढताना तुमचं ते बोलणं आठवलं. रागानं केराच्या टोपलीपर्यंत नेलं, पण टाकवेना. काकूंचं बी आहे, त्यांनी माझं काय बिघडवलंय?" त्यानं दुसरा कागद घेतला आणि पुडीतलं बी त्यात ओतलं, अंदाजानं. एक पुडी काकांना दिली. "अर्धं तुम्हाला. अर्धं माझ्याकडे राहील. सगळं दिलं तर तुम्ही परत सगळं पेराल."

पुडी खिशात घालून काका घरी आले.

सुनेनं पुडी ताटात ओतली. चपटं, पांढरं बी, कडेनं पिवळसर. तिनं त्यावरून बोटं फिरवली आणि पदराला डोळे पुसले. काका शेजारी उभे राहून वाकून वाकून बघत होते.

"तोच भोपळा असेल ना गं हा?" ते शेवटी म्हणाले. "नाही म्हणजे, त्याच्याकडे त्याच्या त्या सुरयांचंही बी असणार. आणि अर्धं म्हणाला, ते अर्धंच आहे कशावरून?"

सुनेनं ताट त्यांच्यासमोर सरकवलं.

"बघून काही कळत नाही का?"

"नाही, बाबा. पेरल्यावर, फळ धरल्यावर. पुढच्या वर्षी."

"आणि तोवर?"

"तोवर काही नाही. वाट बघायची."

काका ताटासमोर बसले. हात हनुवटीखाली गेला, गळ्यावरून फिरला, पुन्हा वर आला. कुठे एक खुंट राहिलेला नव्हता, कुठे साधा ओरखडा नव्हता.

"यातलं मूठभर उद्या डब्यात टाकून ये," ते म्हणाले. "दाढी मात्र चांगली करतो तो."